एकशे बारा पोचपावत्या

सेंट अपोलोनिया गर्ल्स हायस्कूलचे क्लार्क दिगंबर खासनीस यांना शुद्धलेखनाची धास्ती होती. शिक्षण खात्याकडे जाणारं कुठलंही मराठी पत्र ते आधी अख्तरबानू बागवान यांच्यापुढे ठेवत. बागवानबाई मराठी माध्यमाच्या पर्यवेक्षिका. तेवीस वर्षं त्याच इमारतीत मराठी शिकवत होत्या. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की त्या लाल पेनाने गोल करायच्या आणि वर एक टोमणा मारायच्या. टोमणा खाल्ला की दिगंबररावांना पत्र बरोबर झाल्याची खात्री वाटे.

दोन हजार सहा सालच्या जुलैतला दुसरा सोमवार. मधल्या सुट्टीत दिगंबरराव दोन पानं घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले.

"बाई, चारच्या आत खात्यात पोचवायचंय. नुसती नजर टाका."

"नुसती नजर टाकून चुका दिसत असत्या, तर तुम्हालाच नसत्या का दिसल्या? आणा इकडे."

पहिल्या परिच्छेदात दोन चुका निघाल्या. दुसऱ्यात एक. तिसऱ्या परिच्छेदावर लाल पेन थांबलं. तिथे शुद्धलेखन अगदी बिनचूक होतं. मराठी माध्यमाची पटसंख्या घटत असल्याने इयत्ता पाचवी ते सातवीचे वर्ग पुढील शैक्षणिक वर्षापासून बंद करण्यास परवानगी मिळावी, अशी विनंती होती. पुढे लिहिलं होतं : सर्व पालकांची लेखी संमती घेण्यात आली आहे. सोबत पालकांची संमतीपत्रे, एकूण ११२.

"ही कुठली संमतीपत्रं?" बाईंनी विचारलं.

दिगंबररावांनी खोलीभर पाहिलं, दाराकडे पाहिलं. "तीच. जूनमधली. तुम्ही गोळा केलेली."

"त्या पोचपावत्या होत्या."

"होत्या," दिगंबरराव म्हणाले.

आता ही जूनची हकीगत अशी. शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात प्रत्येक घरी 'नव्या वर्षाचं पत्र' जायचं. त्यात दहावीचा निकाल, नवीन आलेल्या सिस्टरांचं स्वागत, बदली होऊन गेलेल्यांचे आभार, वर्षारंभाच्या पवित्र आत्म्याच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, कोणत्या वर्गाने गायचं, येशूच्या पवित्र हृदयाच्या सणाची सुट्टी, रेनकोटवर नाव घाला, डब्यात मॅगी देऊ नका, असं सगळं असे. पत्र मुख्याध्यापिका इंग्रजीत लिहीत आणि बागवानबाई त्याचं मराठी करत. शेवटच्या पानाच्या तळाशी एक तुटक रेघ असे. तिच्याखालचा तुकडा पालकांनी सही करून शाळेत परत पाठवायचा. त्यावर बावीस वर्षं एकच वाक्य छापलेलं होतं : 'नव्या वर्षाचे पत्र मिळाले.'

कोणत्या वर्गाच्या किती पोचपावत्या आल्या, याचा तक्ता शिक्षकांच्या खोलीत लागे. मराठी माध्यम त्यात दरवर्षी पहिलं. इंग्रजी माध्यमाचे डॉक्टर-वकील पालक पंधरा-पंधरा दिवस तो तुकडा परत करत नसत आणि काशेवाडीतल्या, भवानी पेठेतल्या आया चार दिवसांत करत, याचा बाईंना मनातून फार अभिमान. उरलेल्यांच्या त्या घरी जाऊन थडकत. यंदा सहा राहिल्या होत्या. शाळा सुटल्यावर, चिखल तुडवत, दोन संध्याकाळींत त्यांनी त्या सहाही आणल्या. मुख्याध्यापिका सिस्टर ओलिंडा यांनी परिपाठाला बाईंचं नाव घेऊन आभार मानले होते. टाळ्या झाल्या होत्या.

"फाइल आणा," बाई म्हणाल्या.

दिगंबरराव फाइल घेऊन आले. वरचाच तुकडा मुक्ताबाई लोंढेचा होता, निळ्या शाईचा अंगठा. बाईंनी छापलेला मजकूर वाचला. 'नव्या वर्षाचे पत्र मिळाले. पत्रातील सर्व बाबी समजल्या व त्या मान्य आहेत.' दुसरं वाक्य यंदाचं होतं. पहिल्या वाक्याच्याच ठशात, त्याच ओळीला चिकटून.

आणि सर्व बाबी म्हणजे काय? पत्राचं चौथं पान. मे महिन्याच्या शेवटी सिस्टर म्हणाल्या होत्या, "टीचर, तीन पानांचंच मराठी करा. चौथं पान ऑफिसचं आहे, ते इंग्रजीत राहू दे." उन्हाळा होता, निकालाची कामं होती, एका पानाचं काम वाचलं म्हणून बाईंनी देवाचे आभार मानले होते. एक पान कमी झालं, एवढंच त्यांना दिसलं. पानावर काय आहे ते त्यांनी पाहिलं नाही. तुकडाही पाहिला नाही. परीक्षेत "आधी प्रश्न वाचा, बयांनो" म्हणून वर्गावर्गांतून ओरडत फिरणाऱ्या बाईंनी एकशे बारा तुकडे मोजले होते, तीनदा मोजले होते, आणि एकही वाचला नव्हता.

त्यांना आधी दिगंबररावांचा राग आला. हा माणूस महिनाभर शेजारी बसून चहा पीत होता. मग सिस्टरांचा आला. मग तो राग खोलीभर फिरून त्यांच्याच खुर्चीपाशी येऊन उभा राहिला.

सिस्टर ओलिंडा मंगळूरच्या. पुण्यात पंधरा वर्षं झाली होती. मराठी सावकाश बोलत, पण चुकत नसत. बाई आत शिरल्या तेव्हा त्या नव्या संगणककक्षाच्या पडद्यांचा रंग निवडत होत्या.

"बसा, टीचर."

"बसायला नाही आले. हे पत्र आज जाणार नाही."

सिस्टरांनी पडद्याचे नमुने बाजूला ठेवले. बाईंच्या हातातली पानं त्यांनी ओळखली. "दिगंबरला सांगितलं होतं, यावेळी तुम्हाला त्रास देऊ नको म्हणून."

"त्यांना शुद्धलेखन येत नाही. तेवढंच देवाने चांगलं केलं."

"टीचर, शांतपणे ऐका. पाचवीत एकतीस मुली आहेत. याच पालकांच्या धाकट्या मुली इंग्रजीच्या प्रवेशाला रांग लावतात. मला वर्गखोल्या लागतात. मी कुणाचं वाईट केलेलं नाही."

"मग हे सरळ सांगायचं होतं. पालकांना बोलवायचं, समोर उभं राहायचं, सांगायचं."

"सांगितलंय. पान चार, कलम चौदा."

"इंग्रजीत!"

"आमची शाळा आहे, टीचर. पत्र इंग्रजीतच निघतं. मराठी ही आपण केलेली सोय."

"आणि तुकड्यावरचं दुसरं वाक्य? ते मात्र मराठीत. त्याची सोय कुणी केली?"

काचेखाली ठेवलेल्या वेळापत्रकावरून सिस्टरांनी एकदा बोट फिरवलं आणि आवाज जराही न चढवता त्या म्हणाल्या, "सह्या तुम्ही आणल्यात. मी एकाही घरी गेले नाही. तुम्ही गेलात."

सिस्टरांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं.

"सगळ्या परत द्या मला."

"त्या शाळेच्या आहेत. निर्णय व्यवस्थापनाचा आहे. मी आज्ञापालनाचं व्रत घेतलंय, टीचर. मला वरून सांगितलं की मी करते."

"मी नाही घेतलेलं," बागवानबाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

दिगंबरराव पावणेचारला तेच पत्र घेऊन, स्कूटर काढून खात्यात गेले. दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त झाले होते, तिसरं तसंच राहिलं होतं.

घरी नवऱ्याने, हुसेनमियांनी, सगळं ऐकून घेतलं. मंडईत त्यांचा फळांचा गाळा होता, वडिलांच्या वेळेपासूनचा. "निवृत्तीला चार वर्षं राहिलीत तुझी," ते आधी म्हणाले. जेवण झाल्यावर हात पुसताना म्हणाले, "गिऱ्हाइकाचा आंबा आतून सडका निघाला तर मी दुसरा देतो. तू काय देणार?"

"दुसरा कागद देणार," अख्तरबाई म्हणाल्या.

त्या रात्रीच जेवणाच्या टेबलावर त्यांनी मजकूर लिहिला. आम्हाला पत्रातील इंग्रजी मजकूर समजावून सांगितलेला नव्हता, सही केवळ पत्र मिळाल्याची म्हणून घेतली गेली, वर्ग बंद करण्यास आमची संमती नाही. स्वच्छ, सोपं, सहा ओळींचं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना एकशे बारा झेरॉक्स काढल्या आणि शाळा सुटल्यावर काशेवाडीचा रस्ता धरला. चालताना त्यांना जोर आला होता. चार दिवसांत पहिल्या झाल्या, तर या दोन दिवसांत करून दाखवू, असा काहीतरी हिशेब डोक्यात होता.

पहिलं घर कमरजहांचं. तिची शहजादी सहावीत होती. कमरजहां घरात साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. दोघींची घरची भाषा एकच. पण शाळेच्या कामाचं बोलणं बाई मराठीतच करायच्या, आणि कमरजहांलाही तेच आवडायचं. उर्दू शाळा दोन गल्ल्यांवर असताना तिने मुलीला मराठीत घातलं होतं, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे दवाखाना, चौकी, कचेरी सगळीकडे मराठीतच भांडावं लागतं.

"या आपा," ती म्हणाली. मशीन चालूच होतं. "पाऊस लागला वाटतं."

बाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. काहीही लपवलं नाही, फक्त भरभर सांगितलं. मशीन थांबलं. मधल्या पातळ भिंतीपलीकडून मुक्ताबाई लोंढे ऐकत असणार, कारण बाईंचं बोलणं संपायच्या आत ती दारात येऊन उभी होती. मुक्ताबाई मंडईबाहेर पालेभाजी विकायची. तिची सुषमा सातवीत.

"म्हणजे," कमरजहां सावकाश म्हणाली, "माझ्याच सहीने माझ्या पोरीचा वर्ग बंद."

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला. इथेच, या चौकटीत तुम्ही उभ्या होता. म्हटलं, आपा, काय लिहिलंय? तुम्ही काय म्हणालात?"

बाईंना आठवत होतं. "शाळा उघडल्याची बातमी, म्हणाले."

"आणि म्हणालात, कर गं लवकर, अजून पाच घरं आहेत."

"मला तर म्हणाल्या, मुक्ताबाई, प्रश्न कमी अन् अंगठा लवकर!" मुक्ताबाई दारातून म्हणाली. "आता अंगठा परत कसा घेऊ? कापून देऊ का सिस्टरला?"

"परत घेता येतो. म्हणून तर हा कागद आणलाय." बाईंनी पिशवीतून गठ्ठा काढला. "यावर सही केली की..."

कमरजहांने गठ्ठ्याकडे पाहिलं आणि ती हसली. ते हसू बाईंना पुढे बरेच दिवस विसरता आलं नाही. "दुसरी सही?"

"ही तुमच्या बाजूची आहे."

"पहिली कुणाच्या बाजूची होती?"

"अगं, मलाही फसवलंय!" बाईंचा आवाज चढला. "माझ्यापासूनही लपवलं! मी काय मुद्दाम केलं?"

"तुम्हाला वाचता येतं," कमरजहां म्हणाली.

गल्लीत कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता. बाई गठ्ठा तसाच हातात धरून उभ्या राहिल्या. त्यांना रडू येत नव्हतं. संतापाने कान तापले होते, आणि तो संताप या बाईवर काढायचा त्यांना हक्क नव्हता, म्हणून तो जास्तच तापत होता.

"तुमच्या हातच्या कुठल्याच कागदावर आता माझी सही नाही, टीचर," कमरजहां म्हणाली. आपाची टीचर झाली होती. "चांगला असला तरी नाही. मला नाही कळत चांगला कुठला अन् वाईट कुठला. मी दोन्हींवर करत आले."

"मग वर्ग बंद होऊ द्यायचा?"

"सही करणार नाही म्हणाले. गप्प बसणार म्हणाले का?" तिने मशीनवरची साडी झटकून घडी घातली. "तो साहेब कुठे बसतो, ते सांगा. मला तोंड आहे."

"गुरुवारी चला," मुक्ताबाई म्हणाली. "गुरुवारी मी माल भरत नाही. अन् बाई, तुम्ही पुढे चालायचं. रस्ता दाखवायला. बाकी काही नाही."

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी बाई चाळीसएक घरं फिरल्या. कुणी चहा दिला, कुणी दारातूनच बोललं. एका वडिलांनी सरळ सांगितलं की, वर्ग बंद होत असेल तर होऊ दे, आम्हाला इंग्रजीत जागा मिळवून द्या. एका आजीने पाठीवरून हात फिरवला, ते सगळ्यांत कठीण गेलं. सही कुणीही केली नाही. काशेवाडीतली बातमी बाईंच्या आधी पुढच्या घरी पोचत होती : बागवान टीचर कागद घेऊन येते आहे, सही करू नका. तेवीस वर्षं ज्या पायवाटेने बाईंचा शब्द चालला होता, त्याच पायवाटेने आता हा दुसरा शब्द पुढे पळत होता.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बाई शिक्षण खात्याच्या कचेरीत पोचल्या, तेव्हा जिन्यावर सदतीस बायका होत्या. बाईंनी मोजल्या, सवय जात नाही.

विस्तार अधिकारी सर्जेराव जगदाळे जेवणाचा डबा बंद करत होते. दारात एवढ्या बायका पाहून त्यांनी आधी झाकण नीट लावलं.

"काय आहे? मोर्चा आहे का? परवानगी काढली?"

"अपोलोनिया शाळेचे पालक आहेत," बाई म्हणाल्या. "मराठीचे वर्ग बंद करायचा प्रस्ताव आलाय तुमच्याकडे."

"बरोबर. आलाय. संमती जोडलेली आहे." त्यांनी फाइल बाहेर काढलीसुद्धा. "एकदम व्यवस्थित प्रस्ताव. आता तक्रार असेल तर लेखी निवेदन द्या, आवक खिडकीवर शिक्का मारून घ्या. पंधरा दिवसांत..."

"निवेदन नाही," कमरजहां म्हणाली.

"मग?"

"आम्ही आहोत."

"अहो, असं तोंडी चालत नाही इथे."

मुक्ताबाई पुढे सरकली. "साहेब, कागदावर आम्ही हो म्हटलंय आणि तोंडाने नाही म्हणतोय. आता खरं कुठलं, ते तुम्ही बघा. त्याचाच पगार घेता ना?"

मागून हशा झाला. सर्जेराव चिडले, मग खुर्चीत जरा मागे रेलले. गावाकडून आलेले होते. बायकांची रांग बघून सरकारी माणूस कधी हलतो आणि कधी हलत नाही, हे त्यांना ठाऊक असावं. त्यांनी शिपायाला कोरे कागद आणायला सांगितले.

"एकेक या. नाव, मुलीचं नाव, काय सांगायचं ते. मी लिहितो, वाचून दाखवतो. घोळका नको."

दोन तास चाललं. कुणी दोन वाक्यांत संपवलं, कुणाला नवऱ्यापासून सुरुवात करावी लागली. मार्था साळवे आली तेव्हा अंगावर अजून स्वयंपाकाचा एप्रन होता. ती सिस्टरांच्याच कॉन्व्हेंटमध्ये चपात्या करायची. "माझ्या पोरीचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झालाय, साहेब," ती म्हणाली. "मराठी मिस्सा महिन्यातून एकदा, तोही भर दुपारी, ते आम्ही सोसलं. पण सिस्टर रोज सकाळी माझ्या हातचं खातात. गुड मॉर्निंग मार्था म्हणतात. त्या वेळी तोंडाने सांगायला काय झालं होतं? कागद कशाला लागला?" सर्जेरावांनी 'गुड मॉर्निंग'सुद्धा लिहून घेतलं.

शेवटी खुर्ची रिकामी झाली. अख्तरबाई पुढे आल्या.

"तुम्ही कोण?"

"पर्यवेक्षिका. सह्या मी गोळा केल्या."

सर्जेरावांनी पेन खाली ठेवलं. सगळ्या बायका भिंतीला लागून उभ्या होत्या, एकही बाहेर गेली नव्हती. ते पुढे वाकून हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही नोकरीत आहात. जबाब दिलाच पाहिजे असं नाही. आणि द्यायचाच असेल तर..." त्यांनी शब्द शोधला. "ही नुसती पोच आहे, सह्या आणा, असं मुख्याध्यापिकांनी तुम्हाला सांगितलं होतं. हो ना? तसं असेल तर प्रस्ताव इथेच पडतो. फसवणूक होते ती. तेवढं एक वाक्य पुरे."

ते एक वाक्य बाईंच्या अगदी ओठांवर होतं. त्यात फार थोडं खोटं होतं. सिस्टरांनी तसं सांगितलं नव्हतं, पण तसं समजू दिलं होतं. वाक्य बदललं आणि गप्प राहिल्या. तीन दिवस छातीत जे जळत होतं ते सगळं त्या वाक्यात घालता आलं असतं, वर्ग वाचला असता आणि बाईही वाचल्या असत्या. त्यांनी मागे पाहिलं नाही. कमरजहां कुठे उभी आहे, हे त्यांना न पाहता ठाऊक होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तसं मला कुणी सांगितलं नव्हतं. दरवर्षी असते म्हणून मी धरून चालले. तुकड्यावरचा मजकूर बदलल्याचं मला कळवलं नाही, हे लिहा. चौथं पान ऑफिसचं आहे म्हणून मराठी करू दिलं नाही, तेही लिहा. पण पालकांना नुसती पोच आहे असं मी सांगितलं. वाचून पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तरी मी वाचून सांगितलं नाही."

"असंच लिहू?"

"असंच लिहा."

"यात तुमच्यावर कारवाई होऊ शकते."

"तुम्ही लिहा हो!" बाई ओरडल्या. कचेरीत टाइप करणारा माणूससुद्धा थांबला. "तेवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुकांना लाल गोल करत आलेय. माझी चूक लिहायला तुम्हाला काय त्रास आहे?"

सर्जेरावांनी लिहिलं. मग सगळे जबाब फाइलला लावले, प्रस्तावावर शेरा मारला आणि वाचून दाखवला : संमतीबाबत वाद, व्यवस्थापन व पालक यांची प्रत्यक्ष सुनावणी घ्यावी, तोवर निर्णय स्थगित. तारीख दिली अठ्ठावीस जुलै. त्यापुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही, असंही म्हणाले.

बायका जिना उतरू लागल्या. खाली रिक्षांसाठी गट पाडणं सुरू झालं, कोण कुणाबरोबर, कोण चालत. मुक्ताबाई अजून साहेबाची नक्कल करत होती. अख्तरबाई कठड्यापाशी थांबल्या होत्या. कमरजहां तिथवर आली.

"अठ्ठावीसला आम्ही येऊ," ती म्हणाली. "सगळ्या. जास्त येतील."

"मीही येते."

"या." तिने पदर डोक्यावर सारखा केला. "पण मध्ये बोलू नका. आमचं आम्ही बोलू."

बाईंना पुष्कळ बोलायचं होतं. "बरं," त्या म्हणाल्या.

कमरजहां रिक्षात बसली. बाईंचा शेवटचा तास सातवीवर होता, आणि तो चुकवायचा त्यांचा विचार नव्हता. त्या शाळेच्या दिशेने चालू लागल्या.